तसदीवाचून तस्दीक

काचीगुड्यातून आणि सुलतान बाजारातून चालत आलेल्या, आणि आता मुलांच्या मागे मियापूरकडे राहायला गेल्यामुळे मेट्रो बदलून आलेल्या श्रोतेहो,

या व्याख्यानमालेच्या जुन्या पुस्तिका मी घरी चाळून पाहिल्या. संतवाङ्मय, दखनीचा आणि मराठीचा शेजार, मराठवाड्याची कथा असे विषय आहेत. त्या रांगेत यंदा कार्यकारिणीने एका चौकशीवाल्याला उभे केले आहे. मी लेखक नाही. लिहिण्याचा माझा अनुभव एवढाच, की गेल्या सत्तावीस वर्षांत मी अनोळखी माणसांविषयी काही हजार पाने रिपोर्ट लिहिले, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याविषयी काय लिहिले गेले ते कधी कळले नाही.

माझा धंदा थोडक्यात सांगतो. तुमच्या मुलाला माधापूर-गच्चीबावलीच्या एखाद्या कंपनीत नोकरी लागते, तेव्हा ती कंपनी त्याची कागदपत्रे आमच्यासारख्या दुसऱ्या कंपनीकडे पाठवते. पत्ता खरा आहे का, पदवी खरी आहे का, आधीच्या ठिकाणी खरेच तीन वर्षे होता का, कोर्टात काही खटला आहे का, हे आम्ही पाहतो आणि शेवटी एक रंग देतो. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे खोट सापडली, आणि मधला पिवळा म्हणजे आम्हाला नीट कळले नाही. याला सगळे 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन' म्हणतात. घरी मी नुसते 'चौकशी' म्हणतो, कारण आमच्या आत्याबाई लग्नाच्या स्थळांची जी करत तीच ही. फक्त त्यांना कुणी त्याचे पैसे देत नसे.

आपल्या शहरात कचेऱ्यांमधून अजून 'तस्दीक' हा शब्द कानावर येतो. तस्दीक म्हणजे खरे असल्याची ग्वाही. आणि मराठीत आपण म्हणतो, 'कशाला तसदी घेता?' या दोन शब्दांचे धातू वेगळे आहेत, अरबीत त्यांचे शेवटचे अक्षरही वेगळे, हे मला ठाऊक आहे. समोर बसलेल्या प्राध्यापकांनी वही काढण्याआधीच कबूल करतो. पण माझ्या धंद्यात हे दोन शब्द बरीच वर्षे जोडीने चालले. तस्दीक करायची तर कुणाला तरी तसदी घ्यावी लागे. जिना चढावा लागे, कडी वाजवावी लागे, कुत्रा चुकवावा लागे. आता जे आले आहे ते तसदीवाचून तस्दीक करते. त्याने काय बदलले आणि काय बदलले नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

सुरुवात थोडी मागून करतो. आमच्या घरी ट्रंकेत आजोबांचा मुल्की दाखला आहे. तरुणांसाठी सांगतो: निजामाच्या राज्यात १९१९च्या फर्मानाने सरकारी नोकऱ्या मुल्कींसाठी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांसाठी राखल्या गेल्या होत्या. बाहेरून आलेल्याला मुल्की ठरायला पंधरा वर्षांचे वास्तव्य लागे. आजोबा परभणीकडचे, म्हणजे मुळातच राज्यातले. तरी ते सिद्ध करावे लागलेच. दाखला उर्दूत आहे आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. एक सही मोडीत आहे, ती गावच्या कुलकर्ण्याची. लहानपणी मला त्या कागदाचे कौतुक होते ते शिक्क्यामुळे. धंद्यात पडल्यावर कौतुक वाटले ते त्या दोन सह्यांचे. उद्या दाखला खोटा निघाला असता तर कुणाच्या दारात जाऊन विचारायचे, हे त्या कागदावरच लिहिलेले होते.

म्हणून जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. खोटे मुल्की दाखले विकले जात होते, आणि १९५२ साली या शहरात जे मुल्की आंदोलन पेटले त्यात ती एक मोठी तक्रार होती. गोळीबार झाला, माणसे दगावली. साक्षीदार विकत मिळतो ही गोष्ट हैदराबादला कुठल्या यंत्राने शिकवलेली नाही.

मी या कामात आलो १९९८ साली. बँका क्रेडिट कार्डे वाटत होत्या, आणि अर्जदार खरोखर त्या घरात राहतो का हे पाहायला मुले लागत होती. एका भेटीचे पंधरा रुपये मिळत, पेट्रोल आपले. दिवसाला वीस भेटी केल्या तर पोट भरे. घरात किती खोल्या, टीव्ही रंगीत की साधा, भिंतीला रंग कसा, शेजारी काय म्हणतात, असा छापील फॉर्म असे. आम्ही तो भरत होतो, आणि उन्हाळ्यात दुपारी दोननंतर इराण्याच्या हॉटेलात बसून, न चढलेल्या जिन्यांचेही फॉर्म भरत होतो. हे मी आज पहिल्यांदाच जाहीरपणे सांगतो आहे. त्यावेळच्या माझ्या सोबत्यांपैकी कुणी सभागृहात असेल तर तो मान खाली घालून हसत असेल.

याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. काही मोहल्ल्यांची यादी आमच्याकडे तोंडी दिलेली असे. तिथला अर्ज आला की जाऊ नका, नापसंत लिहा. ती यादी कुठल्या वस्त्यांची होती हे या शहरात मी फोडून सांगायला नको. एकट्या राहणाऱ्या बाईचा अर्ज असला की घरमालकाला जे प्रश्न विचारले जात, त्यांचा कर्जफेडीशी काही संबंध नसे. आणि ते प्रश्न विचारणारा मीच असे.

आता यंत्राकडे येतो. रोबो म्हटले की डोळ्यांसमोर हातपाय असलेला लोखंडी माणूस येतो. तो शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकातून जगभर गेला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आपल्या 'वेठ'च्या फार जवळचा आहे. आमच्याकडे आलेला रोबो वेठीलाच धरलेला आहे, पण त्याला हातपाय नाहीत. रिकामी खुर्ची, समोर चालू संगणक, आणि पडद्यावर बाण आपोआप फिरतो आहे, असे ते दृश्य. पहिल्या दिवशी आमच्या रखवालदाराने, कुणीतरी संगणक चालू ठेवून गेले, म्हणून तो बंद केला. चारशे फायली अडकल्या.

हा बॉट करतो काय? उमेदवाराची संमती घेऊन त्याच्या भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरून आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा उचलतो. विद्यापीठाने डिजिलॉकरवर गुणपत्रिका ठेवली असेल तर ती तिथूनच घेतो. पूर्वी परीक्षा नियंत्रकांच्या नावाने डिमांड ड्राफ्ट जोडून पत्र पाठवत होतो, आणि उत्तर यायला कधी सहा आठवडे लागत, कधी ते येतच नसे. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर नाव टाकून खटले शोधतो. पत्त्यासाठी उमेदवाराच्या मोबाइलवर एक दुवा जातो. तो आपल्याच दारात उभा राहून फोटो काढतो, आणि फोन आपण कुठे आहोत ते सांगतो. ज्या फायलीला माझे दोन आठवडे जात ती दुपारच्या जेवणाआधी संपते. पासपोर्टच्या पोलीस तपासणीतही हेच वारे आहे. दिल्लीत २०२३ साली पोलिसांच्या हाती टॅबलेट आणि ॲप दिले तेव्हा पंधरा दिवसांचे काम पाच दिवसांवर येईल, असे सांगितले गेले.

याचे श्रेय मला प्रामाणिकपणे द्यायचे आहे. बॉट इराण्याकडे बसत नाही. तो चहापाणी मागत नाही. तो मुलीच्या घरमालकाला, 'कोण कोण भेटायला येतं?' असे विचारत नाही; मुलगी स्वतःच्या दाराचा फोटो स्वतः काढते आणि विषय संपतो. आमच्या कार्यालयात त्याने पहिल्याच महिन्यात एकाच क्रमांकाची पदवी प्रमाणपत्रे सहा वेगवेगळ्या उमेदवारांच्या फायलींतून काढून दाखवली. त्या फायली सहा वेगवेगळ्या टेबलांवरून, सहा वेगवेगळ्या महिन्यांत हिरव्या होऊन गेल्या होत्या. माणसाला ते दिसणे शक्यच नव्हते. या शहरात खोट्या पदव्यांचा बाजार किती आहे हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. त्या बाजाराला जर कुणाची धास्ती असेल तर ती माझी नाही, त्या रिकाम्या खुर्चीची आहे.

ज्यांचे काम गेले त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. माझ्या हाताखाली एके काळी पस्तीस मुले फिरत; आज सहा आहेत. नोंदी करणाऱ्या मुलींचा एक अख्खा हॉल होता, तिथे आता कंपनीचे कॅन्टीन आहे. काही जण घरोघर जेवणाची पाकिटे पोचवतात. शहराच्या गल्ल्या त्यांना पाठ आहेत, तेवढी एक कमाई बरोबर गेली.

पण माझी खरी अडचण नावांची आहे. बॉट माणूस ओळखत नाही, तो नाव जुळवतो. आणि नाव ही गोष्ट आपल्याकडे किती सैल आहे हे हैदराबादच्या मराठी माणसाइतके कुणाला कळणार? आमच्या पद्धतीत आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव आधी, तेही बहुधा एका अक्षरात. माझा धाकटा भाऊ शाळेच्या दाखल्यावर आपल्या पद्धतीने आहे, मतदार यादीत तेलुगू पद्धतीने, आणि बँकेत आडनावाचे नुसते आद्याक्षर उरले आहे. 'कुलकर्णी'चे इंग्रजी स्पेलिंग फार तर दोन प्रकारे होईल, पण 'मोहंमद'चे किती प्रकारे होते ते मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. कोर्टाच्या नोंदीत तर पुष्कळदा नुसते नाव सापडते. वय नाही, वडिलांचे नाव नाही, पूर्ण पत्ता नाही. अशा शहरात 'सय्यद अली' हे नाव टाकून खटला शोधला तर काय हाती लागेल? पुष्कळ सय्यद अली हाती लागतील.

हे मी कल्पनेने बोलत नाही. आपल्या राज्यात २०१४ ते २०१९ या काळात सुमारे एकोणीस लाख रेशनकार्डे रद्द झाली. सरकारी विभागांकडची माहिती एकत्र जोडून, कोणाकडे गाडी आहे, कोणाकडे घर आहे, हे संगणकाने ठरवायचे आणि त्यावरून अपात्र माणूस शोधायचा, अशी व्यवस्था या राज्याने उभी केली. तिचे नाव 'समग्र वेदिका'. कल्पना वाईट नव्हती. खोटी कार्डे होती, ती शोधायलाच हवी होती. पण याच शहरातल्या एका गरीब विधवेचे कार्ड गेले, कारण संगणकाच्या मते तिच्या नवऱ्याकडे चारचाकी होती. नवरा सायकल-रिक्षा ओढत असे. त्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेल्या कुणा दुसऱ्याच गृहस्थाकडे गाडी होती. घरी कुणी आले नाही, नोटीस आली नाही. दुकानात गेल्यावर कळले की कार्ड बंद आहे. तिला ते सिद्ध करत दारोदार फिरावे लागले. म्हणजे तसदी नाहीशी झाली नव्हती. ती कचेरीतून उठून त्या बाईच्या डोक्यावर जाऊन बसली होती.

२०२२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या रद्द कार्डांची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा. मग माणसे पाठवली गेली. पहिल्या टप्प्यात तपासलेल्या सुमारे दोन लाख पाच हजार अर्जांपैकी पंधरा हजारांहून अधिक लोक पात्र निघाले. शेकडा साडेसात. संगणकाच्या कारभारात हा आकडा कदाचित बरा समजला जात असेल. पण पंधरा हजार शिधापत्रिका म्हणजे पंधरा हजार चुली आहेत.

नावांचा हा घोळ आपल्याच गबाळेपणामुळे होतो, असे कुणाला वाटत असेल तर अमेरिकेतला एक खटला सांगतो. २०११ साली कॅलिफोर्नियातला एक गृहस्थ बायको आणि सासऱ्याला घेऊन गाडी घ्यायला गेला. दुकानदाराने त्याचा पतअहवाल मागवला. अहवालात लिहून आले, की याचे नाव सरकारच्या दहशतवादी आणि अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांच्या यादीतल्या नावांशी जुळते. दुकानदाराने त्याला गाडी विकायचे नाकारले. शेवटी बायकोच्या नावावर घ्यावी लागली. सासऱ्यासमोर! झाले होते एवढेच, की ट्रान्सयुनियन या कंपनीची यंत्रणा फक्त पहिले नाव आणि आडनाव जुळवून पाहत होती. जन्मतारीख पाहतच नव्हती. असा शेरा बसलेले एकूण ८१८५ लोक त्या खटल्यात होते. २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्या १८५३ जणांचा अहवाल बाहेर कुणाला तरी पाठवला गेला त्यांनाच दाद मागता येईल. उरलेल्यांच्या फायलीत तो शेरा होता, पण कुणी वाचला नाही, म्हणून त्यांचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. निकालावर मी बोलणार नाही, मी वकील नाही. मला आश्चर्य वाटले ते याचे, की जन्मतारखेचा एक रकाना पाहण्याची तसदी घेतली असती तर यातले बहुतेक काही घडलेच नसते. आणि अमेरिकेत तरी एक कायदा आहे: अशा अहवालावरून नोकरी नाकारायची असेल तर आधी त्या माणसाला अहवालाची प्रत द्यावी लागते. त्याला म्हणता येते, की हा मी नव्हे.

आपल्याकडे ते अजून नीट बसलेले नाही. खासगी गुप्तहेर संस्थांवर नियंत्रण आणणारे एक विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा काही झाला नाही. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. ज्या माहितीवरून माणसाविषयी निर्णय घ्यायचा ती पूर्ण आणि अचूक असली पाहिजे, असे तो म्हणतो, आणि चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्कही देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. हे चांगलेच आहे. पण आपल्याविषयी काय लिहिले गेले हेच ज्याला कळत नाही, तो दुरुस्ती कशाची मागणार?

आता मी साहित्याच्या सभागृहात आहे म्हणून एका पुस्तकाची आठवण काढतो. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे धनेगाव लातूर जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच जुन्या राज्याच्या मुलखात. इथल्या अनेकांनी ते वाचले असेल. १८७१च्या इंग्रजांच्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवून रजिस्टरात चढवल्या, त्यांना हजेरी लावली. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या वस्तीवर जायचे, ते त्यानंतरच्या काळाचे पुस्तक सांगते. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा एक वेदनेची कथा म्हणून वाचले. दहा वर्षांपूर्वी परत वाचले तेव्हा मला माझा धंदा दिसला. ज्या वस्तीवर पोलीस आधी जातात, तिथल्या लोकांची नावे नोंदीत जास्त येतात. ज्यांची नावे नोंदीत जास्त, त्यांच्या फायली आमच्या पडद्यावर लाल होतात. बॉट कुणाची जात विचारत नाही हे खरे. त्याला विचारायची गरजच नाही, कारण ती नोंदीत आधीच उतरलेली आहे.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच दिवसांपासून ती मनात आहे.

१९९९ साली शालीबंड्याच्या एका वाड्यात मी एका तरुणाची चौकशी करायला गेलो. त्याला एका कंपनीत हिशेबनीसाची नोकरी लागायची होती. तो घरी नव्हता. खालच्या मजल्यावरचा शेजारी म्हणाला, "रात को जाता, सुबह को आता, क्या करता मालूम नहीं." मी फॉर्मवर लिहिले: 'वर्तन संशयास्पद, रात्री बाहेर.' माझ्या दृष्टीने ते खोटे नव्हते. शेजारी बोलला तेच मी लिहिले. आठ महिन्यांनी त्याच वाड्यात दुसऱ्या कुणाच्या कामासाठी गेलो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एका म्हातारीकडून कळले, की तो मुलगा उर्दू वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळी करत होता, आणि खालच्या शेजाऱ्याशी त्याचे नळाच्या पाण्यावरून भांडण होते. नोकरी हातची गेली, मग तो गाव सोडून गेला. कुठे, ते तिला माहीत नव्हते. मी तिच्याकडे पाणी प्यालो आणि जिना उतरलो. तो एक जिना जास्त चढलो असतो, पंधरा रुपयांच्या भेटीत पाच मिनिटे जास्त घालवली असती, तर ती म्हातारी मला पहिल्याच दिवशी भेटली असती.

हे मी यंत्राच्या विरोधात सांगत नाही. ही चूक निखळ माणसाची, आणि माणूस मी होतो. सांगण्याचे कारण पुढे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात जुने सगळे रिपोर्ट स्कॅन करून संगणकात घालण्याचे काम निघाले. मला वाटले, गोदामाचे भाडे वाचवत असतील. मग कळले, की एक नवी प्रणाली बसवायची आहे. उमेदवाराचा पत्ता, वय, राहणी यांवरून धोका किती ते ती आधीच सांगेल, आणि हे शिकण्यासाठी तिला वीस वर्षांचे निकाल दाखवायचे आहेत. म्हणजे आमचे निकाल. इराण्याच्या हॉटेलात भरलेले फॉर्म, तोंडी यादीतले मोहल्ले, एकट्या बायकांवरचे शेरे, आणि शालीबंड्याचा तो एक कागद. कंत्राटदाराचा तरुण इंजिनियर मला फार आदराने म्हणाला, "सर, तुमच्या अनुभवावरच हे उभं राहणार आहे." मी त्याला विचारले, यातले खोटे कसे ओळखणार? तो म्हणाला, लाखो नोंदींत अशा चुका विरून जातात. मी म्हणालो, आमच्या चुका सगळ्या एकाच दिशेने आहेत, त्या विरणार नाहीत, घट्ट होतील. त्याने वहीत लिहून घेतले. पुढे काय झाले? प्रणाली बसली. मी वरिष्ठांना पत्र दिले, तेव्हा जुन्या रिपोर्टांतला शेजाऱ्यांच्या मताचा रकाना वगळला गेला. मोहल्ल्याचा पिनकोड मात्र राहिला.

मराठीत 'खातरजमा' असा एक सुंदर शब्द आहे. खातिर म्हणजे मन, ते जमा होणे, ठिकाणावर येणे. पडताळणी कागदाची असते, खातरजमा मनाची. कागदाशी कागद जुळवण्याचे काम बॉट माझ्यापेक्षा शंभरपट चांगले करतो, आणि ते त्याच्याकडून काढून परत माणसाला द्यावे असे मी कधी म्हणणार नाही. पण न जुळलेल्या कागदामागे लबाडी आहे, की लग्न आहे, की कारकुनाची डुलकी आहे, हे कळायला त्या माणसाला विचारावे लागते. आणि विचारणाऱ्याला आपले नाव सांगावे लागते. बॉटच्या अहवालाखाली सही नसते. 'हा अहवाल संगणकाने तयार केला आहे, सहीची गरज नाही,' असे छापलेले असते. ट्रंकेतल्या मोडी सहीची मला आठवण येते ती तिथे.

आमच्याकडे आता लाल झालेली फाईल शेवटी एका माणसापुढे येते. सध्या तो माणूस मी आहे. एका फाईलला सात मिनिटे ठरवून दिली आहेत, कोपऱ्यात घड्याळ उलटे धावत असते. गेल्या फेब्रुवारीत नांदेडच्या विद्यापीठातून एम.कॉम. झालेल्या एका मुलीची फाईल आली. ओळख जुळत नाही, लाल. पदवीवर नाव एक आणि आधारवर पूर्ण वेगळे. आडनाव वेगळे असते तर बॉटने 'विवाहित' असा पर्याय स्वतःच लावला असता, तेवढे त्याला शिकवले आहे. पण इथे पहिले नावही वेगळे होते, मधलेही.

मी फोन लावला. ती इंग्रजीत बोलू लागली, फार घाबरलेली. मी विचारले, मराठी का तुम्ही? मग ती म्हणाली, "काका, लग्नात तांदळात नाव लिहितात ना, ते. सासूबाईंनी ठेवलं. मला काय माहीत होतं पुढे हे असं होईल." लग्नाचे प्रमाणपत्र काढलेले नव्हते, राजपत्रात नाव छापलेले नव्हते. मी म्हटले, काय आहे? तिने लग्नाची पत्रिका आणि सप्तपदीचा एक फोटो पाठवला. पत्रिकेवर चि. सौ. कां. म्हणून माहेरचे पूर्ण नाव होते, वराचे नाव होते, तारीख होती. आधारवर पतीचे नाव तेच होते. जन्मतारीख दोन्हीकडे एक.

प्रणालीत पुराव्याचा प्रकार निवडायचा असतो. लग्नपत्रिका त्या यादीत नाही. मी 'इतर' निवडले, कारणाच्या रकान्यात चार ओळी लिहिल्या, खाली माझे नाव घातले आणि फाईल हिरवी केली. तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: 'हा निर्णय यापुढील अशा सर्व प्रकरणांना लागू करायचा का? हो / नाही.'

दीड मिनिट उरले होते. हो म्हणावे, तर उद्या कुणीही पन्नास रुपयांत पत्रिका छापून आणील. नाही म्हणावे, तर आपल्याकडची तांदळात नाव बदललेली प्रत्येक मुलगी नोकरीच्या पहिल्या दिवशी लाल होऊन उभी राहील. मी 'नाही' दाबले. त्या महिन्यात तशा आणखी चौघी आल्या. चौघींनाही मी फोन केला. तिघींच्या पत्रिका खऱ्या होत्या. चौथीचे लग्न झालेले नव्हते, पदवी मैत्रिणीची होती. फोनवर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि घड्याळ संपून गेले तरी मीही फोन ठेवला नाही.